चौथ्या खणातलं न्हावरा

कोरेगाव भीमाची बस सकाळी कंपनीच्या गेटसमोरून न थांबता पुढं निघून गेली. मी समोरच्या टपरीवर चहा पीत उभा होतो. बस आमचीच, आत निळ्या शर्टातली माणसं आमचीच, आणि ती सगळी कंपनीकडं बघत बघत कंपनीपासून लांब चालली होती. मागच्या खिडकीतून कुशाबाईनं हात हलवला. कुशाबाई म्हणजे आमच्या हेडलाइटच्या लाइनीवरची सगळ्यात जुनी बाई, ती उगाच हात हलवत नाही. मीही हलवला, पाहुण्यांना निरोप देताना हलवतात तसा. चालत्या बसमधल्या माणसानं हात केला की आपणही करायचा, एवढंच शिक्षण त्या वेळी अंगात शिल्लक होतं. वॉचमननं फाटक सताड उघडून धरलं होतं. त्याचा सलाम अर्ध्यापर्यंत आला होता, तो त्यानं तसाच कानामागं नेऊन मिटवला. बस कारेगाव ओलांडून शिरूरच्या अंगाला दिसेनाशी झाली आणि मला घरचा गॅस बंद केला की नाही, असं वाटायला लागलं. माझ्या खोलीत गॅस नाही. स्टोव्ह आहे, तोही रॉकेल नसल्यामुळं बंदच असतो. तरी तसं वाटत होतं, म्हणजे काहीतरी चालू राहिलेलं होतं, आणि ते मीच चालू ठेवलेलं होतं.

साल दोन हजार चार. देश चमकतोय असं पेपरात रोज छापून यायचं. आम्ही गाड्यांचे दिवे बनवायचो, त्यामुळं आम्हाला ते पटायचं. माझं काम दिव्यांचं नव्हतं. कंप्युटरच्या खोलीत एक लिनक्सचं मशीन होतं, त्याला शेल स्क्रिप्ट लिहून कामाला लावायचं, म्हणजे एका फायलीत हुकूम लिहून ठेवायचे आणि मशीननं ते वरून खाली गुमान पाळायचे. त्यातल्या एका स्क्रिप्टमधून बसचे कागद निघायचे. कोणती बस, कोणत्या थांब्यांवर, कोणत्या क्रमानं. प्रत्येक फेरीला नवा कागद, कारण शिफ्टमधली माणसं बदलायची, खोल्या बदलायच्या, थांबे बदलायचे. कागद ड्रायव्हरच्या समोर काचेला चिकटवायचा आणि ड्रायव्हरनं तो पाळायचा. कोरेगावच्या बसवर हौसराव होते, मी त्यांना मामा म्हणतो. गेल्या महिन्यात मामांनी एका पोटुशी बाईला तिच्या घराच्या बोळापाशी उतरवलं होतं, कागदावर नसलेल्या जागी. त्यावर पर्सोनेलच्या नीलम मॅडमनी त्यांना मेमो दिला: कागदाबाहेर जाऊ नये. मामांनी तो मेमो शिरूरला जाऊन लॅमिनेट करून आणला आणि स्टेअरिंगच्या वर टांगला, जिथं बाकीचे ड्रायव्हर देव टांगतात. तेव्हाच कुणीतरी घाबरायला हवं होतं.

मी चहा टाकून आत पळालो आणि पहाटेचा कागद स्क्रीनवर काढला. कोरेगाव भीमा. सणसवाडी. शिक्रापूर. न्हावरा. मग कंपनी. न्हावरा म्हणजे कंपनी मागं टाकून, शिरूरच्या बाजूनं वळून, खाली घोड नदीच्या खोऱ्यात. न्हावऱ्याचा कोरेगावच्या बसशी काहीही संबंध नाही. ते भांडगावच्या बसचं शेवटचं गाव: भांडगाव, चौफुला, केडगाव, न्हावरा. मी चारही नावं तोंडानं म्हणून पाहिली. मग हसायला आलं, आणि हसता हसता थांबलो, कारण मला कळलं होतं.

आईच्या चुलीशेजारी मिसळणाचा डबा असतो. गोल डबा, आत वाट्या: मोहरी, हळद, तिखट, जिरं. आमच्या धंद्यात याला अ‍ॅरे म्हणतात. एक नाव, आत खण. मी दोन्ही बससाठी दोन वेगळी फंक्शनं लिहिली होती, म्हणजे दोन घरं समजा, आणि दोन्ही घरांत डब्याचं नाव एकच ठेवलं होतं: थांबे. दोन वेगळ्या घरांत दोन बायका डब्याला डबाच म्हणतात, त्यात काय बिघडलं? मशीनला मात्र तसं समजत नाही. घरात शिरल्या शिरल्या तुम्ही जाहीर केलं नाही की हा डबा या घरापुरता आहे, तर मशीन असं धरून चालतं की सगळ्या आळीचा डबा एकच. त्यासाठी एक ओळ लिहायची असते, local -a thambe, एवढीच. मग डबा त्या घरात जन्मतो, त्या घरात वापरला जातो आणि घराबाहेर पडलात की विरून जातो. मी ती ओळ लिहिली नव्हती. आधी भांडगावचं घर चाललं, त्यानं चार खण भरले. मग कोरेगावच्या घरात तोच डबा आला आणि खण एकेक करून वरून भरले गेले. कालपर्यंत कोरेगावचेही थांबे चारच होते, पेरणे फाटा धरून, त्यामुळं सगळं झाकलं जायचं. काल संध्याकाळी पेरणे फाट्याची माणसं कारेगावात खोल्या घेऊन राहायला आली आणि तो थांबा बंद झाला. तीन खण भरले, चौथ्यात शेजारणीचं न्हावरा तसंच राहिलं. वेगवेगळी चालवून पाहिली असती तर दोन्ही घरं निर्मळ होती. शिरूरच्या क्लासमध्ये ज्या पुस्तकाच्या झेरॉक्सवरून मी हे शिकलो, त्यात या प्रकरणावर कुणाच्या तरी अंगठ्याचा फोटो आलेला होता. अंगठ्याखाली काय लिहिलंय ते मी नंतर कधीच पाहिलं नाही.

बस परत आली तेव्हा लाइन थंड पडलेली होती आणि सुपरवायझर लोक एकमेकांना घड्याळं दाखवत होते. माणसं खाली उतरली ती जत्रेहून आल्यासारखी. कुशाबाई मला बघून म्हणाली, "आरं, मी वरडले ना, हौसराव, कंपनी गेली! तर म्हनतो कसा, गेली कुठं, हाय तिथंच हाय. कागदावर आधी न्हावरा हाय." मामा मागून उतरले. त्यांनी काचेवरचा कागद काढून व्यवस्थित चौघडी घालून खिशात ठेवला. मी म्हटलं, "मामा, तुम्हाला दिसत होतं ना, गेट." मामा म्हणाले, "दिसत व्हतं की. डोळं हायेत मला. पर न्हावऱ्याला कोन उभं आसंल, कुनाची नवी भरती झाली आसंल, मला काय म्हाईत कंप्युटरच्या मनात काय हाय?" "मग कोण होतं तिथं?" "कोन न्हाई. एक म्हस व्हती. तिला इचारलं, येती का. न्हाई म्हनली." त्यांचा चेहरा अजिबात हलला नाही. मला त्या वेळी वाटलं आणि अजून वाटतं की हा माणूस मुद्दाम गेला. आणि मुद्दाम जाणं आणि हुकूम पाळणं यांच्यामध्ये जी बारीक चीर असते, तिच्यातून अख्खी बस नेणं हे मला कधी जमलं नसतं.

तासाभरात मला सत्यजीत सरांच्या केबिनमध्ये बोलावलं. सत्यजीत सर आमच्या सिस्टीमचे साहेब, पुण्याहून रोज गाडीनं यायचे. नीलम मॅडम शेजारी बसल्या होत्या. सर मऊ आवाजात म्हणाले, "दोन ओळी लिहून द्यायच्या. लिस्ट बरोबर होती, ड्रायव्हरनं वाचण्यात चूक केली. बास."

"लिस्टवर न्हावरा छापलंय, सर. चूक माझी आहे. मी डबा घरापुरता जाहीर केला नाही."

"डबा?"

मी अ‍ॅरे म्हणालो. सरांना समजलं, ते हुशार आहेत, त्यांना पहिल्या झटक्यात समजलं आणि समजल्याबरोबर त्यांनी ते विसरायला सुरुवात केली. गेल्याच आठवड्यात ऑडिटची माणसं येऊन ही सिस्टीम बिनचूक आहे असा शेरा देऊन गेली होती. आता ती दुसऱ्या कारखान्यात बसवायची होती. स्क्रिप्टमधली एक ओळ बदलायची म्हणजे बदलाची मंजुरी, मंजुरी म्हणजे कारण, कारण म्हणजे चूक. "ती लिस्ट आता कुठं आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मामांच्या खिशात. "म्हणजे ती हरवू शकते," सर म्हणाले, आणि हे त्यांनी एखाद्या लहान पोराच्या काळजीनं म्हणावं तसं म्हटलं.

नीलम मॅडमनी चष्मा काढला. "संघर्ष, समजून घ्या. माणूस चुकला तर मला माणूस बदलता येतो. सिस्टीम चुकली तर मी काय बदलू?"

"मला बदला की, मॅडम. मी पण माणूसच आहे."

एसीचं पाणी बाहेर कुठल्यातरी बादलीत पडत होतं. माझ्या डोक्यात दौंडचं यार्ड उघडलं. आमच्या गावात आगगाडी येते, थांबते, तिचं इंजिन सुटतं, मागून दुसऱ्या टोकाला लागतं आणि ती आल्या तोंडानं माघारी फिरून मनमाडकडं जाते. बाहेरगावचे उतारू दरवेळी घाबरतात, गाडी परत चालली म्हणून. मी त्या यार्डाच्या कडेला वाढलो, उलटं जाणं हा पुढं जाण्याचाच प्रकार आहे असं लहानपणापासून धरून. माझे वडील साहेबराव तिथं पॉइंट्समन होते, रूळ जोडून देणारे. मालगाडीचे डबे कुठल्या लाइनीत जायचे ते वर बसलेला साहेब फोनवर सांगायचा आणि वडील दांडा ओढायचे. एकदा साहेबानं चुकीची लाइन सांगितली. डबे चुकीच्या लाइनीत जाऊन तिच्या टोकाच्या बफरला ठोकले. फोनवरचा शब्द कुठं लिहिलेला नव्हता, दांड्यावरचा हात मात्र सगळ्यांनी पाहिला होता. चूक वरून निघाली आणि पाण्यासारखी उतार बघत खाली आली, आणि ज्याच्या पायाखाली आणखी कुणी उभं नव्हतं त्याच्यापाशी थांबली. वडील निलंबित होऊन घरी बसले. त्या दिवसांत त्यांनी घराच्या दाराला निळा रंग दिला, मग आतून दिला, मग रंग उरला म्हणून कोंबड्यांच्या खुराड्याला दिला. त्याच सुमारास मी जन्मलो आणि माझं नाव संघर्ष ठेवलं गेलं. खुराड्यानंतर माझा नंबर लागला, एवढंच मला खात्रीनं सांगता येतं. पण त्या साहेबानं एकदा, एकदाच, म्हणायला हवं होतं की शब्द माझा होता. घराचा उंबरा ओलांडू न देता चूक आपल्याच घरात ठेवून घ्यायला हवी होती. न जाहीर केलेली चूक आळीभर फिरते आणि ज्याचा खण रिकामा दिसेल त्याच्यात जाऊन बसते. हे मी झेरॉक्सवर वाचलेलं नव्हतं, हे मला दाराच्या निळ्या पापुद्र्यांवरून माहीत होतं.

"सोपं आहे रे," सत्यजीत सर आता समजावणीला आले. "पेरणे फाटा परत टाक. बस थांबेल, कोणी नसेल, पुढं जाईल. चार थांबे झाले की सगळं झाकलं जातं. स्क्रिप्टला हात लावायचा नाही. आणि हे काय, प्रत्येक फंक्शनचा वेगळा डबा, माझं माझं? सगळ्यांचा एकच असू दे. तुमच्याकडं तर सगळ्यांच्या एका पाणवठ्यासाठी एवढं मोठं आंदोलन झालं, आणि तू वेगळा डबा मागतोस?" ते हसले. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी चष्मा घातला.

मला माझे आजोबा दिसले, ज्यांना मी पाहिलेलंच नाही. गावच्या हॉटेलाच्या मागच्या भिंतीत एक कोनाडा होता म्हणे, त्यात आमच्या लोकांसाठी वेगळी कपबशी पालथी घातलेली असायची. आपणच काढायची, चहा वरून ओतला जायचा, आपणच विसळून पुन्हा पालथी घालायची. ती कपबशीही वेगळीच होती. सरांच्या हिशेबानं माझी ओळ आणि तो कोनाडा एकच. पण तो कोनाडा दुसऱ्या कुणीतरी जाहीर केलेला होता, आमच्या वतीनं, आम्हाला न विचारता. आणि आईच्या डब्याला हात लावायचा तर अजूनही आईला विचारावं लागतं, वडिलांना सुद्धा. हा फरक मला इतका लख्ख दिसला की मी थोडा वेळ सरांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत राहिलो, त्यातल्या बुडबुड्यांकडं. मग म्हणालो, "पाणवठा सगळ्यांचाच, सर. मिसळणाचा डबा आईचा."

तेवढ्यात मामांना आत बोलावलं गेलं. ते टोपी हातात घेऊन आले, पण वाकले नाहीत. मॅडम म्हणाल्या, "हौसराव, हे म्हणतायत चूक यांची आहे."

"त्याची कशी?" मामा माझ्यावरच खेकसले. "गाडी कुनी चालवली? स्टेरिंग कुनाच्या हातात व्हतं? तू गप ऱ्हा."

"मामा, कागद मी काढला."

"काढला आसंल. वाचला मी. सोताच्या डोळ्यानं वाचून, समजून नेली गाडी."

मॅडम पुढं सरकल्या. "म्हणजे मुद्दाम नेलीत?"

"मुद्दाम न्हाई बाईसाहेब, हुकमानं. तुमचाच हाय हुकूम. बाहेर गाडीत टांगलाय, आनून दावू का? पावसानं बी खराब हुनार न्हाई आता तो."

कंपनीच्या इतिहासात एका चुकीवर दोन माणसांनी हक्क सांगायची ही बहुधा पहिलीच वेळ. वाटणीच्या भांडणात मोजणीदार यावा तशा मॅडम आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होत्या. मामांना काढायचं तर त्यांनी मेमो पाळला म्हणून काढावं लागणार होतं, हे त्यांच्या लक्षात आलेलं होतं. शेवटी त्या माझ्याकडं वळल्या. "महिनाअखेर तुमचं काँट्रॅक्ट संपतंय. चूक तुमच्या नावावर लिहिली तर मला ते वाढवता येणार नाही. कळतंय?"

"कळतंय."

"मग?"

"लिहा."

मामा तोंडातल्या तोंडात म्हणाले, "येडंय." पण ते खाली बघत होते.

मी कंप्युटरच्या खोलीत आलो आणि दोन्ही घरांच्या उंबऱ्यात ती ओळ लिहिली. एवढ्याशा ओळीला कुणी एवढं घाबरलेलं नसेल. चालवून पाहिलं: भांडगावचं भांडगावला, कोरेगावचं कोरेगावला. पहिली शिफ्ट सुटायची वेळ झाली होती. घरी जायचे कागद छापायचे होते, आणि सत्यजीत सर माझ्या पाठीशी येऊन उभे होते.

"ती ओळ काढ."

"नाही काढणार, सर."

"संघर्ष, मी ऑर्डर देतोय."

मी खुर्चीवरून उठलो आणि हातांची घडी घालून भिंतीला टेकलो. "खुर्ची तुमचीच आहे. तुम्ही काढा." सर बसले. त्यांनी माझी ओळ शोधली, तिच्यावर कर्सर नेला. ओळ नसती तर कोरेगावची बस कोरेगावला रिकामी होऊन पुढं रिकामीच भांडगावला गेली असती, कारण जातानाच्या कागदावर चौथ्या खणात भांडगाव उरतं. ते त्यांनाही दिसत होतं. म्हणून त्यांनी थांब्यांच्या फायलीत आधी पेरणे फाटा लिहिलं. बाहेर बसमध्ये माणसं भरली होती, बसचा पत्रा हातानं बडवत होती, आणि मामा इंजिन बंद करून खिडकीपाशी आले होते. जाळीतून त्यांनी आत पाहिलं. "कागद द्या सायेब, म्हंजी निघतो."

"देतो. पेरणे फाट्यापर्यंत जाऊन या आज."

"पेरण्याला कोन हाय?"

"कोणी नाही. फक्त थांबायचं आणि परत यायचं."

मामांनी विचार केला. अगदी शांतपणे, शेतातलं पाणी दुसऱ्या सरीत वळवावं तसा. "थांबा हाय म्हंजी मानूस उतराय पायजे," ते म्हणाले. "आमचं कसं हाय सायेब, कागदावर थांबा आसला की मानूस उतरल्याबिगर मी गाडी माघारी फिरवत न्हाई. मंग उद्या सकाळपातूर का उभा ऱ्हाइना. पहिल्या शिफ्टला कोन आनायचं ते तुमी बघा."

बसमधून कुशाबाईचा आवाज आला, "आवं, सोडा की आता! पोरं शाळंतनं आली आसतील!" सरांचं बोट एका कळीवर नुसतं टेकलेलं होतं. मी त्या बोटाकडं बघत होतो आणि माझ्या अंगातून एक विलक्षण रिकामा आनंद चालला होता. नोकरी गेलेली होती, त्यामुळं माझ्याकडून घेण्यासारखं त्या खोलीत काही राहिलं नव्हतं, आणि एवढा मोकळा मी त्या खोलीत कधीच उभा राहिलो नव्हतो. सरांनी पेरणे फाटा पुसलं. एकेक अक्षर मागून पुढं. माझ्या ओळीला त्यांनी हात लावला नाही. मग ते प्रिंटची कळ दाबून उठले आणि माझ्याकडं न बघता बाहेर गेले.

प्रिंटर करकरत चालला. मी कागद फाडून जाळीतून मामांच्या हातात दिला. आमचा प्रिंटर इंग्रजी अक्षरंच छापायचा, मामा ती एकेक लावून मोठ्यानं वाचायचे. "शिक्रापूर," त्यांनी वाचलं. "सणसवाडी. कोरेगाव भीमा." मग थांबले, कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. खाली आणखी एक ओळ होती. दुपारी डब्याच्या ओळीसोबत तीही मीच घातली होती, कुणाला न विचारता. जोवर ती स्क्रिप्ट चालेल तोवर प्रत्येक कागदाच्या तळाशी छापली जाईल अशी. मामांनी तीही लावून वाचली. "संघर्ष. साहेबराव. रणपिसे." त्यांनी टोपीखालून माझ्याकडं पाहिलं. चेहरा अजिबात हलला नाही. "ह्यो थांबा कुठं आला रं? तिथं बी जायाचं का?"

"थांबा नाही, मामा," मी म्हणालो. "तो मी आहे."